हवेतला पाऊण सेकंद : मिदोरी इतोची उडी

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शालेय खेळाडू, शिक्षक आणि पालकांसमोर बारामतीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आत येताना दारातच एका पालकांनी मला अडवलं. म्हणाले, "मॅडम, बारामतीत बर्फ बघायचा तर रसवंतीगृहात. आणि तुम्ही बर्फावरच्या स्केटिंगवर तासभर बोलणार?" त्यांचं बरोबर आहे. मी स्वतः बर्फाच्या रिंकवर आयुष्यात पाय ठेवलेला नाही. पण मी बोलणार आहे ते एका उडीबद्दल, आणि उडी आपण सगळ्यांनीच मारलेली असते. कुणी कॅनॉलमध्ये मारली असेल, कुणी खो-खोच्या खांबावर सूर मारला असेल, कुणी दाऱ्यावर असताना भरलेला पाट ओलांडला असेल.

ही उडी मिदोरी इतो नावाच्या बाईची. जपानमधल्या नागोया शहराची, जन्म १९६९चा, उंची ४ फूट ९ इंच. म्हणजे साधारण माझ्याच बरोबरीची. वयानं हं, उडीनं नाही.

आधी एक प्रसंग सांगते, मग त्यातलं शास्त्र बघू. फेब्रुवारी १९९२. फ्रान्समधलं आल्बेरव्हिल, हिवाळी ऑलिंपिक. इतो तिथं गेली ती सुवर्णपदकाची दावेदार म्हणून. जगात तोपर्यंत दोनच बायकांना स्पर्धेत जमलेली उडी तिच्याकडे होती, ट्रिपल ॲक्सेल. पण पहिल्या दिवशी तिनं सावध खेळ केला. ॲक्सेलऐवजी त्यातल्या त्यात सोपी उडी घेतली आणि त्या सोप्या उडीवरच पडली. चौथा नंबर. मग मुख्य दिवस, चार मिनिटांचा कार्यक्रम. सुरुवातीलाच ट्रिपल ॲक्सेल मारली आणि पुन्हा पडली. ऑलिंपिकमध्ये, सगळ्या जपानच्या डोळ्यांदेखत.

आता शहाणा माणूस काय करेल? उरलेला कार्यक्रम नीट पार पाडेल. अवघड उड्या सुरुवातीला ठेवतात, कारण तेव्हा पाय ताजे असतात. शेवटाकडे पोटऱ्या भरून येतात, दम लागतो. इतोनं काय केलं? कार्यक्रम संपत आला असताना, जिथं ही उडी कुणी ठेवत नाही तिथं, परत वेग घेतला आणि परत ट्रिपल ॲक्सेल मारली. या वेळी उतरली. ऑलिंपिकमध्ये एका बाईनं मारलेली ती पहिली ट्रिपल ॲक्सेल. तिला रौप्यपदक मिळालं, सुवर्ण अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीला. आणि रौप्य मिळवूनही इतोनं देशाची माफी मागितली, सोनं आणता आलं नाही म्हणून. ते मला आजही नीटसं गिळत नाही, पण ते असो.

हा व्हिडिओ मी दरवर्षी वर्गात दाखवायचे. पोरं विचारायची, "मॅडम, ती एवढी फिरते कशी?" मला वाटतं प्रश्न थोडा चुकतो. ती एवढा वेळ वर राहते कशी, असा विचारायला हवा. आज मला जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांमधल्या फरकाबद्दलच आहे.

तर, ॲक्सेल म्हणजे काय? नॉर्वेचा ॲक्सेल पॉलसेन नावाचा स्केटर होता, त्यानं १८८२ साली व्हिएन्नात ही उडी पहिल्यांदा करून दाखवली, म्हणून त्याचं नाव. फिगर स्केटिंगमध्ये उड्यांचे प्रकार बरेच आहेत. लुट्झ, फ्लिप, लूप, साल्को, टो लूप. या सगळ्यांत स्केटर पाठमोरी सरकत येते, उडी घेते आणि उतरतेही पाठमोरीच. एकटी ॲक्सेल अशी आहे की जिच्यात तोंड पुढे ठेवून उडायचं आणि उतरायचं मात्र पाठमोरंच.

मागच्या रांगेतल्या दोघी जरा उभ्या राहा बरं. भिंतीकडे तोंड करा. आता जागेवर उडी मारून एक पूर्ण गिरकी घ्या. तोंड परत भिंतीकडेच आलं ना? आता मी म्हणते, उतरताना भिंतीकडे पाठ पाहिजे. मग काय करावं लागेल? अर्धी गिरकी जास्त. बसा. म्हणून ट्रिपल ॲक्सेल नावाला ट्रिपल, प्रत्यक्षात साडेतीन फेरे. पुरुषांमध्ये स्पर्धेत ही उडी पहिल्यांदा १९७८ साली झाली. बायकांमध्ये इतोनं १९८८ साली केली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिनं ती मारली आणि विश्वविजेती झाली. फिगर स्केटिंगचं जागतिक विजेतेपद आशियात आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बरं, साडेतीन फेरे हवेत कसे पुरे करायचे?

फुगडी आठवा. तुम्ही मंगळागौरीत घालता, पालखीत वारकरी घालतात. दोघी हात धरून मागे रेलल्या की फुगडी डौलात फिरते. आणि फिरता फिरता हात आखडून जवळ आलात की काय होतं? ढकललं तर कुणीच नाही, तरी वेग वाढतो. पदर आवरेनासा होतो. याला आम्ही कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतो. नाव विसरलात तरी चालेल, फुगडी विसरू नका. वजन अक्षापासून लांब असेल तर फिरणं संथ, वजन जवळ आणलं की फिरणं जलद. स्केटर उडताना हात पसरलेले असतात. वर गेल्याबरोबर ती हात छातीशी ओढते, पायांची कैची घालते आणि भोवऱ्यासारखी बारीक होते.

पण एक लक्षात घ्या. हवेत गेल्यावर तिला फिरणं नव्यानं मिळवता येत नाही. ढकलायला तिथं जमीनच नसते. जे काय फिरणं मिळवायचं ते बर्फ सोडण्याआधी मिळवायचं, हवेत ते फक्त खर्च करायचं. वर जाण्याचंही तेच. बर्फ सोडताना जो वेग असतो त्यावर किती वेळ वर राहायचं ते ठरून जातं. नंतर कितीही ताकद लावा, एक शतांश सेकंद वाढत नाही. म्हणून उडी बघताना आपण हवेत बघतो आणि खरी उडी तोवर होऊन गेलेली असते.

आता हिशेब. घाबरू नका, दोनच आकडे आहेत. समजा एक स्केटर ४० सेंटीमीटर वर गेली. साधारण गुडघ्याच्या उंचीएवढी. ती हवेत राहील ०.५७ सेकंद. तेवढ्यात साडेतीन फेरे म्हणजे सेकंदाला सहाहून जास्त, मिनिटाच्या हिशेबात जवळजवळ ३७०. दुसरी समजा ६० सेंटीमीटर गेली, म्हणजे मांडीपर्यंत. ती ०.७ सेकंद राहील. तिला सेकंदाला पाच फेरे पुरतात, मिनिटाला ३००. काही भाग बर्फ सोडताना आणि टेकताना भागतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे होतात. हिशेबाची जात तीच.

म्हणजे रस्ते दोन. एक, जास्त वर जा आणि निवांत फिरा. दोन, बेताचंच वर जा आणि झपाट्यानं फिरा.

निवांत म्हटलं खरं, पण सेकंदाला पाच फेरेही काही निवांत नसतात. इथं बऱ्याच जणांच्या घरात कुणी ना कुणी कारखान्यात असेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. साखर वेगळी करायचं सेंट्रिफ्युगल यंत्र तुम्ही पाहिलंय. जाळीचा पिंप मिनिटाला हजाराच्या पुढे फेरे घेतो, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. स्केटरच्या हातांची अवस्था त्या मळीसारखी असते, त्यांना बाहेर पळायचं असतं. सेकंदाला पाच फेरे आणि कोपर अक्षापासून २० सेंटीमीटरवर, एवढं धरलं तर त्या ठिकाणचं एक किलो वजन वीस किलोसारखं बाहेर ओढतं. ती छातीशी हात नाजूकपणे धरून असलेली दिसते ना, ते नाजूक अजिबात नाही. मोळी आवळून धरल्यासारखं ते धरलेलं असतं.

आता दोन रस्त्यांपैकी कुठला परवडतो? इथं एक गंमत आहे, आणि माझ्या मते ती गंमतच या सगळ्या खेळाच्या मुळाशी आहे. ४० वरून ६० सेंटीमीटरवर जायला दीडपट ऊर्जा लागते. पण हवेतला वेळ दीडपट होत नाही, जेमतेम सव्वापट होतो. सौदा तोट्याचाच. दीड रुपया द्यायचा आणि सव्वा रुपयाचा माल घ्यायचा. उलट, अंग बारीक असेल, कमरेत आणि खांद्यांत रुंदी नसेल, तर वेगानं फिरणं स्वस्त पडतं. म्हणून हिशेबी प्रशिक्षक दुसऱ्या रस्त्यानं जातात.

इतोनं महागडा रस्ता धरला. व्हिडिओत तिची उडी दुसऱ्या कुणाच्या उडीशेजारी ठेवून बघा. आकडे काढायची गरजच नाही. ती वर जाते, आणि वर गेल्यावर क्षणभर असं वाटतं की अजून फिरायला सुरुवात व्हायचीय. मग फिरते, आणि फिरणं संपल्यावर खाली यायला थोडा वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळात ती अंग उलगडते आणि उतरते. पाऊण सेकंदाच्या आतली गोष्ट, पण डोळ्यांना कळते. घाईत असलेल्या उडीत हा उरलेला वेळ नसतो. तिथं फिरणं आणि टेकणं एकदमच संपतं.

ही उंची यायची कुठून? पायांतून, आणि वेगातून. ती उडीकडे फार वेगानं यायची. ॲक्सेलमध्ये एका पायाच्या कडेवर सरकत यायचं, गुडघा खोल वाकवायचा आणि दुसरा पाय जिन्याची उंच पायरी चढल्यासारखा पुढे-वर फेकायचा. पुढे जाणारा वेग त्या एका पायरीवर वर वळवायचा. पातं जाडीला सुमारे चार मिलिमीटर, त्याला मधोमध खोबण, दोन बाजूंना दोन धारा. त्यातल्या एका धारेवर, आत झुकून, हे सगळं. बेलवडीच्या रिंगणात घोडा वळणावर आत कलतो, पाहिलंय ना? तसाच झोक. आणि उतरायचं ते एका पायावर, मागे सरकत, मांडीएवढ्या उंचीवरून.

वेगाचा एक किस्सा सांगते. १९९१ची म्युनिचची जागतिक स्पर्धा. रिंकच्या कडेच्या फळीत टीव्हीच्या कॅमेऱ्यासाठी मोकळी जागा सोडली होती. इतो उडी मारत आली, अंदाज चुकला आणि त्या मोकळ्या जागेतून थेट रिंकच्या बाहेर गेली. लोकांना कळेपर्यंत ती परत आत आली होती आणि पुढचं सुरूही केलं होतं. लोक तो व्हिडिओ हसण्यासाठी बघतात. मी वर्गात तो वेगाच्या धड्याला दाखवायचे. रिंक कमी पडावं एवढी उडी!

बरं, एवढी उडी असूनही १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली. मुख्य कार्यक्रमात तिनं सात ट्रिपल उड्या मारल्या, एकही चुकली नाही. सभागृह उभं राहिलं. तरी पाचवी. का? तेव्हा एकूण गुणांपैकी ३० टक्के गुण 'फिगर्स'ना होते. पाटीवर आपण अक्षर गिरवतो ना, तसं बर्फावर पात्यानं वर्तुळं आणि आठचे आकडे गिरवायचे. परीक्षक वाकून ती रेघ तपासायचे. इतो त्यात दहावी आली. खेळाचं नावच फिगर स्केटिंग, तर फिगर्सना गुण का नसावेत, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. रेघ गिरवणं हेही कौशल्यच. पण उड्या बघायला आलेल्या माणसांना निकालाचा अर्थ लागेना. १९९० नंतर फिगर्स मोठ्या स्पर्धांतून बंद झाल्या.

आणि फक्त गुणांचाच प्रश्न नव्हता. या खेळात बाईनं उडी मारावी की नाही, हाच बराच काळ वादाचा विषय होता. सुरुवातीला तर बाईनं उतरावं की नाही हाच. १९०२ साली मॅज सायर्स नावाच्या इंग्लिश बाईंनी जागतिक स्पर्धेत नाव दिलं. नियमात बायकांना मनाई आहे असं कुठं लिहिलंच नव्हतं, कारण कुणी येईल असं वाटलं नव्हतं. त्या पुरुषांमध्ये दुसऱ्या आल्या. मग नियमात मनाई लिहिली गेली, आणि पुढे १९०६ पासून बायकांची वेगळी स्पर्धा. १९२०च्या ऑलिंपिकमध्ये थेरेसा वेल्ड यांनी साल्को उडी मारली, एकच फेरा. परीक्षकांनी समज दिली की हे बाईच्या जातीला शोभत नाही, स्कर्ट वर जातो. ऐकल्यासारखं वाटतं ना कुठंतरी?

इतोच्या काळात एवढं उघड कुणी म्हणत नव्हतं. पण तिच्या आखूड, भक्कम पायांबद्दल बोललं जायचंच. स्केटर म्हणजे लांब मान, लांब पाय, असं एक चित्र लोकांच्या डोक्यात असतं. आणि ज्या पायांना नावं ठेवली जात होती, उडी तर त्याच पायांतून येत होती.

इथं मी थोडं माझं सांगते. मी शाळेत खो-खो खेळायचे. पळती म्हणून बरी होते, पण सूर मारण्यात खरी. खांबाजवळ गडी वळायला लागला की मी झेप घ्यायचे. जमिनीला समांतर, पोटावर पडायचं, कोपरं सोलून निघायची. दहावीच्या वर्षी माझी उंची वाढली, अंग भरलं. एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आता जड झाली." झालं. मला कुणी संघातून काढलं नाही, मीच जाणं बंद केलं. मला वाटलं, जड झाल्यावर उडी जाते, हा निसर्गाचा नियमच असणार. पुढे भौतिकशास्त्र शिकले, शिकवलं, आणि बऱ्याच वर्षांनी एका रात्री वह्या तपासताना मनात आलं, की हे आपण कधी मांडून बघितलंच नाही.

मग मांडलं. शरीर सगळ्या बाजूंनी दहा टक्क्यांनी मोठं झालं असं धरा. वजन ३३ टक्क्यांनी वाढतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर असते, ती २१ टक्क्यांनी वाढते. आणि गिरकीला होणारा विरोध? तो ६१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सर अगदी खोटं बोलले नव्हते. पण कुठल्या उडीबद्दल बोलतो त्यावर सगळं आहे. जी उडी नुसत्या गिरकीवर उभी आहे तिला वाढतं अंग फार महाग पडतं. जी पायांच्या ताकदीवर उभी आहे तिचं तेवढं बिघडत नाही, आणि ताकद ही काही अंगाबरोबर आपोआप जेवढी येईल तेवढीच घ्यायची वस्तू नाही. ती कमावता येते. सोळाव्या वर्षी कमावता येते, पंचविसाव्या वर्षीही येते. मला तेव्हा कुणी बैठका मारायला लावल्या नाहीत. जड झाली म्हटलं आणि विषय संपवला.

बर्फावरही हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. २००२ साली जपानच्याच मिकी आंदोनं चौदाव्या वर्षी ज्युनिअर स्पर्धेत चार फेऱ्यांची उडी मारली. बायकांमधली ती पहिली. २०१८ साली रशियाच्या अलेक्झांड्रा त्रुसोवानं तेराव्या वर्षी एकाच कार्यक्रमात दोन मारल्या. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं पाच मारल्या, सतराव्या वर्षी, आणि रौप्य मिळवलं. त्या उड्यांपुढे मी हात जोडते. त्यांना कमी लेखायला मी इथं उभी नाही. पण त्या दशकात चित्र असं झालं, की बारीक अंगाच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली येतात, झपाट्यानं फिरतात, जिंकतात, आणि सतरा-अठराव्या वर्षी दुखापती घेऊन बाजूला होतात. तोवर त्यांच्या जागी पुढची चौदा वर्षांची उभी असते. बीजिंगमध्येच पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण झालं, ते तुम्ही वाचलं असेल. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलं की मोठ्यांच्या स्पर्धेत उतरायला वय पंधराचं टप्प्याटप्प्यानं सतरा करायचं. २०२४-२५च्या हंगामापासून सतरा लागू आहे.

त्यानंतर कोण जिंकलं, हे मला फार आवडतं. जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३ आणि २०२४ अशी ओळीनं तीन वर्षं विश्वविजेती. तिच्या कार्यक्रमात चार फेऱ्यांची उडी नव्हती, ट्रिपल ॲक्सेलही नव्हती. पण तिची साधी डबल ॲक्सेल बघा. ज्या वेगानं येते आणि जेवढं अंतर कापते, ते बघून मला इतोच आठवते. २०२५ला अमेरिकेची अलिसा ल्यू जिंकली. ही तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली होती, सोळाव्या वर्षी कंटाळून खेळ सोडला, दोनेक वर्षं रिंकपासून लांब राहिली आणि परत येऊन एकोणिसाव्या वर्षी विश्वविजेती. सोडलेलं परत धरता येतं, याचं माझ्याकडे याहून ताजं उदाहरण नाही. मागच्या पिढीतलं एक मात्र आहे. इतो स्वतः २०११ साली, वयाच्या ४१व्या वर्षी, जर्मनीत प्रौढांच्या स्पर्धेत उतरली.

तिच्या प्रशिक्षक माचिको यामादा. इतो लहान असताना यामादांच्याच घरी राहायला गेली आणि तिथंच वाढली. पुढे माओ असादाही लहानपणी याच यामादांकडे शिकली. असादानं २०१०च्या ऑलिंपिकमध्ये एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सेल मारल्या. एक गुरू, एक शहर, आणि तीच उडी पुढच्या मुलीकडे. १९९८ला नागानोत हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा ज्योत पेटवायला जपाननं इतोला बोलावलं होतं. माफी मागितली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

बोलायचं ते झालं माझं. प्रश्न असतील तर घेऊया.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : मॅडम, पडायची भीती कशी जाते?

जात नाही बहुतेक. पडणं शिकवतात मात्र. स्केटिंगमध्ये पहिल्या काही धड्यांत पडायला आणि उठायला शिकवतात. हात मागे टेकायचा नाही, मनगट जातं. कुल्ल्याच्या बाजूनं घसरत पडायचं, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. खो-खोतला सूर आपण मऊ मातीवर शिकतो, ते याचसाठी. तुमच्या मैदानावर खांबाजवळची माती खणून भुसभुशीत केलेली असते का? नसेल तर आधी ती करून घ्या. सरांना सांगा, मी सांगितलं म्हणून.

प्रश्न (एक शिक्षक) : आपल्याकडच्या मुलींना याचा उपयोग काय? आपल्याकडे खो-खो, कबड्डी.

खो-खोचंच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. त्यांचे सामने बघा आणि सूर मारण्याआधीच्या दोन पावलांकडे लक्ष ठेवा. झेप त्या दोन पावलांत ठरते. तुमच्या मुलींचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. किती लांब गेली हे नंतर. जमीन सोडताना गुडघा किती वाकला होता ते आधी मोजा. आणि नववी-दहावीत मुलीचं अंग वाढतं ते वर्ष पायांच्या ताकदीला द्या. बैठका, जिने, दोरीवरच्या उड्या. त्या वर्षी सूर आखूड पडेल. पडू द्या.

प्रश्न (सुरुवातीचेच पालक) : पण मॅडम, बर्फाचं काय?

तुम्ही सोडणार नाही! सांगते. चाकांच्या स्केट्सवरही कलात्मक स्केटिंगची स्पर्धा असते, आपल्या देशातही होते. चार चाकांचे स्केट्स, पुढे रबराचा थांबा. त्यात याच उड्या आहेत, साल्को, लुट्झ आणि ॲक्सेलसुद्धा, नावंही हीच. स्केट्स बर्फावरच्यापेक्षा जड आणि जमीन कडक, त्यामुळे तिथं डबल ॲक्सेल उतरवणंसुद्धा सोपं काम नाही. गुळगुळीत फरशी किंवा चांगला सिमेंटचा कोबा लागतो, बास. तुमची मुलगी कितवीत आहे? पाचवीत? मग तिला आधी नुसतं उलटं सरकायला शिकू दे. पुढे बघून उडायचं आणि मागे सरकत उतरायचं, तर मागे सरकणं अंगात मुरलेलं पाहिजे. त्यालाच वर्ष-दोन वर्षं जातील.